नवव्या गाण्यातला कोमल गंधार

गेल्या वर्षी होळीच्या चार दिवस आधी, बाभुळगावातल्या एका मंगल कार्यालयात साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, पंगत चालू असताना, दुपारी सव्वादोनच्या सुमारास ऑर्केस्ट्रातली बेस गिटार गाण्याच्या मध्येच थांबली. यादीतलं नववं गाणं चालू होतं. धृपद दुसऱ्यांदा गाऊन झालं होतं आणि अंतरा सुरू व्हायला एक आवर्तन उरलं होतं. वाजवणारे वसरामभाऊ, वय अठ्ठावन्नच्या आसपास, बोरी अरबजवळच्या एका बंजारा तांड्यावर राहणारे. गिटार गळ्यात तशीच राहिली. डावा हात तारांवर होता, उजवा खाली आला होता.

पंगतीत दीडेकशे माणसं असतील. कुणी मान वर केली नाही. ड्रम चालू राहिले, ढोलक चालू राहिली. गायिका मंगलाताई अंतऱ्यावर एक मात्रा उशिरा आल्या आणि लगेच सावरल्या. त्यांचा घसा आठवडाभर बसलेला होता, त्यामुळे तसं झालं असावं असं सगळ्यांनी मानलं. मीही मानलं. मी उजवीकडच्या खांबाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि मांडीवर वही होती.

यंदा पळस लवकर फुलला. दारव्हा रस्त्याने जाताना बांधाबांधावर कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग दिसतात, तुरीची शेतं मोकळी झालीत, आणि त्या सगळ्या राखी-पिवळ्या पसाऱ्यात पळस तेवढा लाल. दुपारी दोननंतर यवतमाळचे रस्ते रिकामे होतात. आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात या दिवसांत दरवर्षी त्याच बातम्या येतात. परीक्षा केंद्रावरची गैरसोय, टँकरची मागणी, चढता पारा. गावाचं नाव बदलायचं, आकडा बदलायचा. मथळा गेल्या वर्षीचा चालतो. उपसंपादकाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली की हात आपोआप चालतात आणि डोकं कुठे तरी टेकून बसतं.

अशा वेळी खिडकी उघडी असली की समोरच्या पिठाच्या गिरणीची घरघर आत येते. गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्याच ऑर्केस्ट्राची तालमीची खोली आहे. गेल्या वर्षापर्यंत दुपारी चार वाजता त्या घरघरीच्या खालून आणखी एक आवाज येई. तो कानांना फारसा कळत नसे. टेबलावर चहाचा ग्लास असला तर चहावर बारीक वलयं उठत, आणि मग समजे की समोर बेस वाजतोय. आता ग्लास स्थिर असतो.

बेसचं दुखणं तेच आहे. गाणं आवडलेल्या माणसाला शब्द आठवतात, चाल आठवते, बासरीचा तुकडा आठवतो. खाली काय चाललं होतं हे विचारलं तर तो गोंधळतो. आता तर सगळा जिल्हा गाणी मोबाइलवर ऐकतो, आणि मोबाइलच्या बोटभर स्पीकरमधून बेस बाहेरच येत नाही. वरातीतल्या डीजेचा बेस छातीवर आदळतो, खिडक्यांच्या काचा थरथरतात. पण तो जिथे सुरू होतो तिथेच राहतो. एकाच जागी उभं राहून कुणीतरी दार ठोठावत राहावं तसा.

जुन्या गाण्यांत वेगळं होतं. एक स्वरसंगती संपून दुसरी सुरू होणार असते तेव्हा बेस वाजवणारा तिची वाट बघत बसत नाही. तो प्रत्येक मात्रेला एक सूर टाकत निघतो. चार मात्रांत चार पावलं, आणि पाचवं पाऊल नेमकं नव्या घराच्या उंबऱ्यावर. ऐकणाऱ्याला चाल दिसत नाही, पण तो त्या घरात शिरतो तेव्हा त्याला ते ओळखीचं वाटतं. मंचावरचे लोक याला चालता बेस म्हणतात. मला हे सगळं एका फाल्गुनात कळलं, आणि ज्यांच्यामुळे कळलं त्यांची जागा त्याच फाल्गुनात गेली.

त्या आधीच्या पौषात मी पहिल्यांदा त्या खोलीचा जिना चढले. रविवारच्या पुरवणीसाठी ऑर्केस्ट्रावर लेख हवा होता. पार्टीत नऊ माणसं. मालक सुधाकरराव, एरवी झेरॉक्सचं दुकान चालवणारे, कीबोर्ड वाजवत. मंगलाताई बालवाडीत शिकवत आणि वीसेक वर्षं याच पार्टीत गात. सगळे भरभरून बोलले. वसरामभाऊ कोपऱ्यात आपल्या स्पीकरवर बसून होते. त्यांना काही विचारलं की ते मान हलवत. मंगलाताई म्हणाल्या, "ताई, वसरामभाऊ बोलले तं अवकाळी येईन. आधीच हरभरा उभा हाय लोकायचा, राहू द्या."

लेख लिहून झाला. पुरवणीची पानं कमी झाली आणि तो छापून आला नाही. तसं सांगायला गेले तेव्हा वसरामभाऊ जिन्यापर्यंत मागे आले. पहिल्यांदाच बोलले.

"ताई, तुमी सगळ्यायचं लिवून घेतलं. माह्यं वाजवनं लिवता येते का?"

मला वाटलं, त्यांना नाव छापून यायला हवं होतं. तसं नव्हतं. त्यांना सूर लिहून हवे होते. मी शाळेत असताना पेटी शिकले होते, हे बोलण्यात आलं होतं आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. आजवर त्यांनी कधी कागद वापरला नव्हता. सगळी गाणी बोटांत होती.

कारण त्यांनी जिन्यावरच सांगितलं, दोन वाक्यांत. बाकीचं सुधाकररावांकडून कळलं. पार्टीत नवा कीबोर्ड आला होता. त्यात डाव्या हाताने बेस वाजतो. वसरामभाऊंचा स्पीकर गाडीत दोन माणसांची जागा खातो, आणि लगनसराईत गाडी भरून जाते. होळी झाली की सुधाकरराव ठरवणार होते, बेस गिटार ठेवायची की नाही. त्यांची एकच अट होती. "लोकायले रेकॉर्डवानी पाह्यजे, मॅडम. सेम टू सेम. वसराम रेकॉर्डवानी वाजवत असन तं राहीन. नाई तं कीबोर्ड हाय." त्यात राग नव्हता. सुधाकरराव थकलेले होते. दर हंगामात एक माणूस कमी होई, आणि उरलेल्यांना घेऊन तीच चाळीस गाणी वाजवायची.

वसरामभाऊंना या अटीची भीती नव्हती. ते रेकॉर्डवरूनच तर शिकले होते. माझ्या वहीत त्यांचे सूर उतरले की शेजारी रेकॉर्डचे सूर लिहायचे आणि वही सुधाकररावांपुढे ठेवायची, एवढाच त्यांचा बेत. मी बातमीदारी केलेली. कागदावर आलं की गोष्ट खरी ठरते, यावर त्यांचा आणि माझा सारखाच विश्वास होता.

माघ आणि फाल्गुनाचा पहिला आठवडा वही भरण्यात गेला. दुपारच्या सुट्टीत मी समोर जाई. खाली गिरणीत गहू दळला जात असे आणि खोलीतल्या सगळ्या वस्तूंवर पिठाचा पातळ थर असे. वसरामभाऊंच्या भुवयांवरही. ते एक आवर्तन वाजवत, थांबत, मी लिहून घेई. त्यांना स्वरांची नावं येत नव्हती. मी "हा शुद्ध रे" म्हटलं की ते "असन" म्हणत. सकाळी तांड्यावरून निघून, बोरी अरबला एसटी धरून ते दुपारपर्यंत पोचत. एखाद्या दिवशी आवर्तनाच्या मध्येच डुलकी लागे. बोटं दोन सूर पुढे जात आणि मग थांबत.

नवव्या गाण्यापाशी मी त्यांना अडवलं. गाणं जुनं, झुलत्या ठेक्याचं. धृपद संपताना बेस षड्जावर असतो आणि अंतरा मध्यमावर सुरू होतो. मधल्या चार मात्रांत वसरामभाऊ वाजवत: सा, रे, कोमल ग, शुद्ध ग. आणि मग म. त्या गाण्यात कोमल गंधार दुसरीकडे कुठेही नाही. मी म्हटलं, हा सूर इथला वाटत नाही. त्यांनी पुन्हा वाजवून दाखवला.

"थिथं थांबाचं नाई, ताई. नुसता पाय लावाचा अन् निंगाचं."

मी तसंच लिहिलं आणि शेजारी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. ती सवय टेबलावरची आहे. मजकुरात काही खटकलं की खूण करायची, खात्री करायची, चूक असेल तर दुरुस्त करायची. आमच्या पेपरच्या तिसऱ्या पानावर खालच्या कोपऱ्यात दुरुस्तीची चौकट असते. ती मीच लिहिते. तिच्यात विशेषणं नसतात.

रेकॉर्ड ऐकायला मी एका सहकाऱ्याचे मोठे हेडफोन मागून घेतले. नववं गाणं लावलं. धृपद संपलं. त्या चार मात्रांत बेस होता: सा, प, सा, प. पुन्हा लावलं. सा, प, सा, प. रे नव्हता, कोमल ग नव्हता, चालणं नव्हतं. मग बाकीची गाणी ऐकली. काहींत जुळत होतं. पण जिथे वसरामभाऊंचा बेस चालत होता, तिथे बहुतेक ठिकाणी रेकॉर्डवरचा उभा होता. मी दोन रकाने आखले. डावीकडे त्यांचे सूर, उजवीकडे रेकॉर्डचे. फरक असेल तिथे लाल खूण. पानं लाल झाली.

त्या वेळी गप्प राहता आलं असतं. वही माझ्याच हातात होती. तसं डोक्यातही आलं नाही, हे नोंदवायला हवं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हेडफोन घेऊन जिना चढले आणि म्हणाले, "वसरामभाऊ, रेकॉर्डवर असं नाही."

त्यांनी हेडफोन कानांवर घातले. असे हेडफोन त्यांनी आधी कधी घातले नव्हते. नववं गाणं पूर्ण ऐकलं, परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचा डावा हात मांडीवर सूर शोधत होता आणि सापडत नव्हता. मग हेडफोन काढून त्यांनी ते दोन्ही हातांनी मला परत दिले.

"हे तं उभंच हाय. कोनी चाललंच नाई."

मग म्हणाले, "मंग म्या हे कुठून शिकलो?"

त्याचं उत्तर त्या दुपारी तुकड्यातुकड्यांत मिळालं. तरुणपणी तांड्यावर एकच टेपरेकॉर्डर होता, त्यांच्या मामाचा. एक स्पीकर, तोही तळहाताएवढा. कॅसेटही दुसऱ्या कॅसेटवरून भरून आलेली. त्यातून आवाज यायचा तो वरवरचा, गाणाऱ्यांचा आणि व्हायोलिनांचा. बेस त्यातून येणं शक्यच नव्हतं. गिटार हातात आली तेव्हा वसरामभाऊंनी ऐकू न येणारा भाग अंदाजाने भरला. इथून तिथे जायचं आहे, मग मधे असं असं असणार. चार-दोनदा वाजवल्यावर अंदाज पक्का झाला. वर्षं गेली आणि त्यांना खात्री पटली की त्यांनी ते कानांनी ऐकलं होतं.

त्यांनी वही मागितली नाही. सुधाकररावांना दाखवू नका असंही म्हणाले नाहीत. जिना उतरताना एवढंच म्हणाले, "मी रेकॉर्डवानी बसवतो. तीन दिवस हायेत बाभुळगावले."

तिसऱ्या दिवशी ते मंगल कार्यालय. पत्र्याचं छप्पर, तापलेलं. पंख्यांची हवाही गरम. पहिली आठ गाणी वसरामभाऊ सुधारलेले सूर वाजवत होते, सा आणि प, सा आणि प. चेहरा घामाने भिजलेला. नवव्या गाण्यात धृपद दुसऱ्यांदा संपलं. बोटं सवयीने रे कडे निघाली आणि डोक्याने प सांगितला. दोन्हीपैकी कुठलाच सूर वाजला नाही. हे त्यांनी नंतर सांगितलं. पाहणाऱ्याला इतकंच दिसलं की हात थांबला.

सुधाकररावांना दिसलं. गाडीत सामान भरताना ते माझ्याशी बोलले, वसरामभाऊ पलीकडे वायर गुंडाळत असताना. आवाज त्यांनी मुद्दाम कमी केला नव्हता. थांबला तरी कोणाला कळलं नाही, असं ते म्हणाले, आणि त्यात त्यांना काही सिद्ध झाल्याचा आनंद नव्हता. स्पीकर शेवटचा चढला. होळीनंतर फोन येईल, असं वसरामभाऊंना सांगण्यात आलं. तो आला नाही.

होळीला मी तांड्यावर गेले. कामाचं निमित्त होतं. होळीची छायाचित्रं दरवर्षी लागतात आणि छायाचित्रकार सुट्टीवर होता. तिथली होळी पहाटे पेटते. मी पोचले तेव्हा झुंजूमुंजू झालं होतं. मोहाच्या झाडाखाली फुलांचा गोडसर, जड वास होता. होळीभोवती पुरुषांनी गोल धरला होता आणि लेंगी चालू होती. लेंगी म्हणजे तांड्यावरची होळीची गाणी. डफावर ठेका, एक जण ओळ उचलतो, बाकीचे झेलतात, आणि सगळे पाय टाकत गोल फिरतात. वसरामभाऊंची म्हातारी याडी, म्हणजे आई, बाजेवर बसून नातसुनांना नावं ठेवत होती. मी आई म्हणून हाक मारली तर म्हणाली, पेपरवाली आली, आता नीट नाचा, नाही तर उद्या छापून येईल.

मी छायाचित्रं काढली आणि मग बघत उभी राहिले. वसरामभाऊ गोलात होते. मंचावर मी त्यांना कधी हलताना पाहिलं नव्हतं. इथे ते हलत होते, पण गाणं त्यांच्या तोंडात फारसं नव्हतं. ते पायांकडे बघून चालत होते. एक पाऊल. दुसरं पाऊल. तिसरं पूर्ण टेकत नव्हतं, नुसतं जमिनीला लागून उचललं जाई. चौथं घट्ट. मग पुढच्या ओळीचं पहिलं पाऊल, डफाच्या थापेवर. सगळा गोल तसाच चालत होता, दहा वर्षांच्या पोरांपासून काठी टेकणाऱ्यांपर्यंत. कुणी कुणाला शिकवत नव्हतं.

वही पिशवीत होती. मी नववं गाणं उघडलं. सा, रे, कोमल ग, शुद्ध ग. तिसऱ्या सुराशेजारी माझं प्रश्नचिन्ह होतं.

ऊन वर आल्यावर वसरामभाऊ पाणी प्यायला आले. त्यांच्या कपाळाला गुलाल होता. मी त्यांना म्हटलं की बाभुळगावला जे झालं ते माझ्यामुळे झालं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"तुमी खोटं कोठी लिवलं? रेकॉर्डवर नाई तं नाई." मग गोलाकडे बघत म्हणाले, "मले आवडे थे. येवढंच."

चैत्र संपला, वैशाख लागला. पारा नेहमीच्या पानावर गेला. लगनसराईत समोरच्या खोलीतली मंडळी दिवसाआड बाहेर असत. एका दुपारी मंगलाताई कार्यालयात आल्या, पदराने वारा घेत. त्यांना घशाच्या डॉक्टरांचं नाव हवं होतं. घसा तर आता बरा वाटत होता, मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, बरा आहे, पण त्यात काही तरी बिघडलं आहे. नवव्या गाण्याचा अंतरा त्यांना सापडेनासा झाला होता. एकदा लवकर, एकदा उशिरा. पुसदला तर दोन मात्रा आधी घुसल्या. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. सुधाकरराव चिडले, आणि मंगलाताईंना वाटलं वय झालं, आता बालवाडीच बरी.

मी त्यांना विचारलं, आधी अंतरा कसा सापडायचा. मग डोळे मिटून त्यांनी धृपद गुणगुणलं, चार बोटं टेबलावर एकामागून एक टेकवली, आणि तिसऱ्या बोटाला थांबल्या.

"इथं एक सूर येत होता. बारीकसा खुपे. थो आला का मी श्वास घेत होती." डोळे उघडून म्हणाल्या, "आता येत नाई थो. मले वाटे थो गान्यातच हाय."

मी वही काढून त्यांना पान दाखवलं. त्यांनी कोमल ग वर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

नंतर आम्ही समोर गेलो आणि गोष्ट उलगडली. ती अगदी साधी होती. रेकॉर्डवर त्या चार मात्रांत व्हायोलिनांचा ताफा खाली उतरतो आणि गायिकेला अंतऱ्याच्या दारात आणून सोडतो. तिथला बेस उभा राहिला तरी चालतं, कारण चालणारे दुसरे आहेत. पार्टीत व्हायोलिन नव्हती. सुधाकररावांचा उजवा हात नेमका त्याच चार मात्रांत कीबोर्डचं बटण बदलत असे, धृपदाचा ऑर्गन बंद करून अंतऱ्याची बासरी लावायला. म्हणजे एक अख्खं आवर्तन मंचावर सूर देणारं दुसरं कुणी नसे. इतकी वर्षं ते आवर्तन एकटे वसरामभाऊ ओलांडत होते आणि मंगलाताई त्यांच्या मागून जात होत्या. दोघांनाही ते माहीत नव्हतं. आता डाव्या हाताचा बेस रेकॉर्डसारखा सा-प वर उभा होता. बाभुळगावला त्या एक मात्रा उशिरा आल्या होत्या, याची आठवण मी काढली. खाली गिरणी बंद झाली.

सुधाकररावांनी खुर्ची मागे घेतली. त्यांनी मला विचारलं, वसराम येईल का. मी फोन लावून दिला. ते बाहेर जिन्यावर जाऊन बोलले आणि परत आले ते मान हलवत. मग फोन माझ्या हातात दिला.

वसरामभाऊ शेतात होते. मागे बैलांना कुणीतरी हाकत होतं. आवाजात राग नव्हता. थकवा होता, आणि फोनमध्ये वाऱ्याची घोंघों.

"नाई येत, ताई. दिवसभर एसटीत बसून चाळीस मिनटं वाजवाचं, आता नाई होत. खरं सांगतो, बाभुळगावच्या आधीच नाई होत होतं. वही द्या त्यायले." मग म्हणाले, "पन थो तिसरा सूर काढू देऊ नका. मंगला चुकन."

वही सुधाकररावांकडे गेली. आठवडाभर ते दुकान बंद करून दुपारी वर येत आणि डाव्या हाताने एकेक आवर्तन बसवत. वलयं पुन्हा उठतात का म्हणून मी चहाच्या ग्लासाकडे बघत असे. नाही उठली. कीबोर्डच्या स्पीकरमध्ये तितका दम नव्हता. एका दुपारी ते वही घेऊन कार्यालयात आले. नवव्या गाण्याचं पान उघडं होतं.

"मॅडम, हे कोमल ग चुकून लिवल्या गेलं काय? कीबोर्डवर कानाले लागते. शुद्ध करून टाकू?"

पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह अजून तिथेच होतं. मी खोडरबर घेतला आणि ते पुसलं. "चुकून नाही. तसंच आहे," मी म्हटलं. त्यांनी वही मिटली.

त्यानंतर पावसाळा गेला, कापूस आला, वेचणी झाली. पुरवणी पूर्णच बंद झाली. वसरामभाऊंचा स्पीकर बरेच दिवस तालमीच्या खोलीत पडून होता. दिवाळीनंतर ते येऊन घेऊन गेले. मी तेव्हा नागपूरला होते. मंगलाताईंनी सांगितलं की दोघांनी मिळून तो जिन्यावरून उतरवला, आणि उतरवताना सुधाकरराव वजनावरून कुरकुरले नाहीत.

यंदा होळी होऊन आठ दिवस झाले तेव्हा बोरी अरबला एक लग्न होतं. मुलीकडचे एका सहकाऱ्याचे नातेवाईक, म्हणून मीही गेले होते. मांडवाच्या एका कडेला सुधाकररावांची पार्टी होती. आता आठ जण, गाडीत नीट बसणारे. वसरामभाऊ पाहुणे म्हणून आले होते, तांड्यावरच्या तिघांबरोबर, धुतलेला पांढरा सदरा घालून. ते दुसऱ्या पंगतीत बसले. मंचाकडे त्यांची पाठ होती.

एक चाळीसला नववं गाणं सुरू झालं. धृपद दोनदा झालं. सुधाकररावांचा उजवा हात बटणाकडे गेला. डाव्या हाताने चार सूर वाजवले: सा, रे, कोमल ग, शुद्ध ग. तिसऱ्या सुरावर मंगलाताईंनी श्वास घेतला आणि त्या अंतऱ्यावर वेळेत आल्या. त्या वेळी वाढपी आलू-वांग्याची भाजी घेऊन वसरामभाऊंच्या पानासमोर आला होता. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. वाढप्याने दोनदा विचारलं आणि तो पुढच्या पानावर गेला. गाणं संपेपर्यंत हात तसाच होता. मग त्यांनी तो काढला, वाढप्याला मागे बोलावलं आणि भाजी घेतली.